बापाचे आजचे वय

गढा, जबलपूर
ता. १९ जानेवारी १९३७

अच्युतभाऊजी,

मायना मागून लिहीन. आधी हे सांगा की जगातली सगळी गणितं संपली होती काय, म्हणून तुम्ही माझ्या पोरीला हे असलं पाठवलं. बारा वर्षांपूर्वी बापाचे वय मुलीच्या वयाच्या नऊपट होते, आज तिप्पट आहे, तर दोघांची आजची वये काढा. मी चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचून राहिली होती, एका हाताला कणीक अन् दुसऱ्या हातात तुमचा कागद. वाचून होईपर्यंत मला काही समजलं नाही. मला गणितातलं समजतच नाही, मी नुसती तोंडानं वाचते. शकू भिंतीला टेकून डोळ्यांची पट्टी चाचपत बसली होती. तिनं तिथंच मनात केलं आणि म्हणाली, "आई, मुलगी सोळा, बाप अठ्ठेचाळीस." मी कागद उलटा घालून पुन्हा कणीक मळायला घेतली.

शकू सोळाची आहे हे तुम्हाला ठाऊक नाही काय? तुमचे दादा या साली किती वर्षांचे, हे काय मी तुम्हाला सांगावं? ते ग्वारीघाटाला आंघोळीला गेले अन् आले नाहीत, तेव्हा पोर चार वर्षांची होती. पायरीवर लोटा आणि पंचा तेवढा सापडला. कोणी म्हणालं बुडाले, कोणी म्हणालं नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या बुवांबरोबर निघून गेले. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्हीच तेव्हा अमरावतीहून धावत आला होता अन् नावाड्यांना घेऊन तीन कोसांपर्यंत नदी धुंडाळली होती. मग हे गणित काहून?

मी अडाणी असंल, पण बारा वर्षं म्हटलं की भटजी लोक काय बोलायला लागतात ते मला कळते. बेपत्ता माणसाची बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, तो जाळायचा, अन् बायकोचं कुंकू पुसायचं. तेच मनात आहे ना तुमच्या? पाकिटावर पण या खेपेला सौ. लिहिलं नाही. मी दोनदा उलटून पाहिलं. शाई संपली म्हणाल तर तुमच्या पत्त्यात जबलपूर चांगलं ठसठशीत लिहिलेलं आहे.

एक गोष्ट ऐका. तुमचं गणित विचारते, बापाचं आजचं वय काय. आजचं. उत्तर येते अठ्ठेचाळीस. मेलेल्या माणसाचं आजचं वय नसते, भाऊजी. तुमच्याच गणितात ते जिवंत आहेत. मग पुढं काय बोलायचं ते विचार करून बोला.

शकूच्या डोळ्यांचं म्हणाल तर खुपऱ्या अजून आहेत. डॉक्टर दर आठ दिवसांनी पापण्या उलटून मोरचुदाची कांडी फिरवतात. ती ओरडत नाही, माझा हात धरते, तेवढा मात्र काळानिळा होतो. फेब्रुवारी सरेपर्यंत वाचायचं नाही, लिहायचं नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, यंदा नको, पुढच्या साली मॅट्रिकला बसव. तेव्हा तुम्ही लिहिलं की मी टपालानं शिकवतो, वहिनी, तुम्ही वाचून दाखवा अन् ती सांगेल ते उतरवा. हे उपकार मी विसरली नाही. म्हणूनच एवढ्या रागात पण शकूनं शाळेच्या पुस्तकातली गणितं सोडवली ती सोबत पाठवून राहिली आहे. तिनं सांगितलं तसं मी लिहिलं. तपासा.

नमस्कार.
भानुमती


अमरावती
ता. २७ जानेवारी १९३७

ती. वहिनींस अच्युतचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पावले. ते गणित मीच रचले होते, पुस्तकातले नव्हते, हे कबूल करतो. जे तोंडाने बोलवत नाही ते मास्तर माणूस गणितात घालून बोलतो, असे समजा. मला वाटले, शकू उत्तर काढील, तुम्ही समजाल, आणि पुढच्या पत्रात आपण शांतपणे बोलू. शांतपणे हा शब्द लिहिताना तुमच्या पत्राकडे पाहून जरा हसू आले. रागावू नका.

येत्या चैत्रात बारा वर्षे पुरी होतात. शास्त्राने जी मुदत घातली आहे ती काही उगाच नाही. गणितातल्या कुठल्याही अव्यक्त अक्षराला कधी तरी किंमत द्यावी लागते, नाही तर समीकरण तसेच लोंबकळत राहते. रामटेकला अंबाळा तळ्यावर विधी करता येईल. सगळे मी करीन, तुम्हाला नुसते येऊन बसायचे आहे. आणि त्यानंतर जबलपूरचे घर आवरून तुम्ही दोघी इकडे या. चारी बाजूंनी हिंदी, नात्याचे माणूस नाही, तिथे तुम्ही कोणासाठी बसला आहात?

आता शकूच्या गणितांविषयी. वहिनी, मला फार काळजी वाटते. पोर हुशार होती. पण जी पाने आली त्यांत अक्षरशः काही नाही. एक उदाहरण सांगतो. पहिली ओळ आहे, दोन य अधिक तीन बरोबर एकोणीस. त्यावरून य येतो आठ. लगेच खाली आहे, चार य उणे शून्य बरोबर सतरा. त्यावरून य येतो सव्वाचार. एकाच गणितात य एकदा आठ आणि एकदा सव्वाचार होऊ शकत नाही. आणि शकूने उत्तर दिले आहे पाच! ते पाच आले कुठून? वर शेवटी आणखी एक तीन लिहिले आहे, ते कशाचे, ते देवालाच ठाऊक. सगळी पाने अशीच आहेत. ती अंदाजाने बोलत असावी, किंवा डोळ्यांच्या दुखण्याने मन ठिकाणावर नसावे.

मुलींना बीजगणिताऐवजी गृहशास्त्र घेता येते. मी स्पष्ट लिहितो, कारण खोटी आशा दाखवणे वाईट. यंदा बसायचेच असेल तर तिने गृहशास्त्र घ्यावे आणि नागपूरच्या सायन्स कॉलेजचे डोक्यातून काढून टाकावे. तिला हे हळूच सांगा.

आपला
अच्युत


गढा, जबलपूर
ता. ३ फेब्रुवारी १९३७

अच्युतभाऊजी,

शकूला मी काही हळूच सांगितलं नाही. तुमचं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती आधी रडली, मग म्हणाली की आई, तू काय लिहून पाठवलं ते मला वाच. मी वाचलं. दोन य अधिक तीन टिंब बरोबर एकोणीस. ती म्हणाली, टिंब? मी म्हटलं, हो टिंब. मग ती हसायला लागली ती थांबेचना, पट्टी ओली झाली, अन् डॉक्टरनं सांगितलं होतं की ओली होऊ द्यायची नाही.

चूक पोरीची नाही, माझी पण नाही. त्या गणितात दोन अक्षरं आहेत. एक य. दुसरं य च्या पुढं येते ते. आता ते अक्षर शब्दात आलं तर मी लिहिते, तेव्हा ते शब्दाचं असते. पण तुमच्या गणितात ते एकटं उभं राहते. तुमचे दादा कारखान्यातून चिठ्ठी पाठवायचे, आज उशीर होईल, पीठ दळून आण, तेव्हा खाली नाव नाही लिहायचे. नुसतं ते एक अक्षर. माझ्यासाठी एकटं उभं असलेलं ते अक्षर म्हणजे ते स्वतः होत. ते मी लिहिणार नाही. शकू ते बोलली की मी तिथं टिंब लावलं, कपाळाला टिकली लावतात तसं. आम्हा दोघींना ते काय आहे ते माहीत होतं. तुम्ही तीनच्या पुढचं टिंब शाईचा डाग समजला अन् उण्याच्या पुढचं शून्य समजला, त्याला आम्ही काय करायचं?

आता तुम्ही ते अक्षर त्या जागी घालून पाहा. शकू म्हणते य पाच, अन् ते दुसरं तीन. दोन्ही ओळी जुळतात म्हणे. पोरीचं डोकं ठिकाणावर आहे. गृहशास्त्र तुमच्या घरी ठेवा. ती भात करते तो मला माहीत आहे, त्यात ती नापास होईल.

तुम्ही म्हणाल, एका अक्षरानं काय होते. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटते, असं माझी आई सांगायची. हसा तुम्ही, शिकलेले लोक आहात. पण मला सांगा, जो माणूस कुठं आहे तेच माहीत नाही त्याच्यासाठी मी काय करू शकते? वाढू शकत नाही. पाय दुखले तर चेपू शकत नाही. थंडीत अंगावर काही आहे की नाही ते पाहू शकत नाही. एक अक्षर न लिहिणं एवढंच माझ्या हातात उरलं आहे, अन् ते मी करून राहिली आहे.

विधीचं उत्तर नाही असं आहे. तुम्ही विचारता कोणासाठी बसली. संक्रांतीचं सांगते. प्रमोदिनीबाईंकडं हळदीकुंकू होतं. इथं आपल्या बायका मूठभर, त्यात मला बोलावतात, नाही म्हणत नाहीत. प्रमोदिनीबाई करंडा घेऊन एकेकीला लावत येऊन राहिल्या होत्या. माझ्यापुढं आल्या अन् त्यांची नजर करंड्यातच अडकली. लावावं की नाही. तिळगूळ हातात दिला, वाण दिलं, बोट काही पुढं येईना. सगळ्या बायका बांगड्या पाहायला लागल्या. मग मीच बोट बुडवून आपल्या हातानं लावून घेतलं अन् म्हटलं, चलो, झालं. परत येताना गढ्याच्या बाजारात कोणी ओळखीचं दिसलं असतं तर बरं झालं असतं, उगीच दोन शब्द बोलली असती. कोणी दिसलं नाही.

तुमच्या सायन्सची सूत्रं आता मला तोंडपाठ झाली आहेत. घनता बरोबर वस्तुमान भागिले आकारमान. अंतर बरोबर वेग गुणिले वेळ. आरतीसारखी म्हणते, अर्थ शकूला विचारा.

गणितं पुन्हा तपासून पाठवा, अन् लवकर.

भानुमती


अमरावती
ता. १२ फेब्रुवारी १९३७

ती. वहिनींस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मधल्या सुटीत वर्गात बसून वाचले. आधी मीही शकूसारखाच हसलो. मग हळदीकुंकवापाशी आलो आणि पुढच्या तासाला मुलांना आपापले वाचा म्हणून सांगितले.

दादाचे नाव रामकृष्ण, आणि चिठ्ठीखाली तो नुसता 'र' लिही, हे मला माहीत असून माझ्या लक्षात येऊ नये याची लाज वाटते. टिंबांच्या जागी र घालून सारी पाने पुन्हा पाहिली. एकही चूक नाही. एके ठिकाणी तर शकूने माझ्यापेक्षा आखूड रीत काढली आहे. गृहशास्त्राचे शब्द मी परत घेतो. यापुढे य बरोबर ल घ्यावा. समीकरणाला अक्षर कुठलेही चालते, परीक्षकालाही चालते. ल नावाचे आपल्या नात्यात कोणी नाही, मी आठवून पाहिले.

विधीविषयी मात्र मला पुन्हा लिहिले पाहिजे. तुम्ही माझ्यावर रागवाल, पण दादा परत येणार नाही, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो. आशेवर माणूस जगतो म्हणतात, पण तुम्ही आशेवर जगत नाही, वहिनी, तुम्ही दारात उभ्या आहात. बारा वर्षे कोणी दारात उभे राहू नये. एकदा तो गेला असे मान्य केले की तुम्हाला निदान खाली बसता येईल. मी तुमचे वाईट चिंतीन का?

शकूला तरफेची पाच उदाहरणे सोबत पाठवली आहेत. बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा, एवढे सूत्र धरून ठेवावे, बाकी सगळे त्यातूनच निघते.

आपला
अच्युत


गढा, जबलपूर
ता. २८ फेब्रुवारी १९३७

पूज्य काका,

नमस्ते. हे पत्र मी आईला न सांगता लिहिते आहे. मला मराठी लिहायची आदत नाही, शाळेत सगळं हिंदीत असतं, म्हणून गलती झाली तर माफ करा.

माझी पट्टी परवा निघाली. डॉक्टर साहेब म्हणाले, उजेडात दिवसाचं वाचू शकतेस. तरफेची पाचही उदाहरणं केली, जुळली. एक उदाहरण मात्र अडलं आहे. एक नाव प्रवाहाच्या दिशेने चोवीस मैल चार तासांत जाते आणि तेवढंच परत यायला सहा तास लागतात, तर नावेचा वेग किती आणि प्रवाहाचा किती. मी य आणि ल घेतले, पण परत येताना प्रवाह कुठल्या बाजूला घालायचा ते मला समजत नाही. पूर्ण करून पाठवाल का?

आता दुसरी गोष्ट. पट्टी होती तोपर्यंत आई दिवसभर मला वाचून दाखवायची आणि माझ्यावर ओरडायची की लवकर सांग, पोळी जळते. आता मी मनात वाचते. ती म्हणाली, मोठ्यानं वाच. मी म्हटलं, आई, आवाजानं ध्यान भटकतं. ती उठून चुलीकडं गेली. मग मी पाणी प्यायला उठले तर आई चुलीपुढं बसून एकटीच म्हणत होती, घनता बरोबर वस्तुमान भागिले आकारमान. समोर कोणीच नव्हतं. मी आल्या पावली परत आले. मला असं वाटलं की पट्टी अजून थोडे दिवस राहायला हवी होती.

मी पास झाले तर नागपूरला जाईन. आई म्हणते, जा. तिनं ट्रंक काढून उन्हात पण ठेवली. पण मग ती इथं कोणाशी बोलेल? शेजारच्या दुबेकाकू चांगल्या आहेत, पण आई त्यांच्याशी हिंदीत भांडू शकत नाही, आणि भांडल्याशिवाय तिला बोलता येत नाही. तुमच्याकडे अमरावतीला चल म्हणून मी विचारलं होतं. ती म्हणाली, दाराला कुलूप दिसलं तर आलेला माणूस परत जाईल.

काका, बाबांचा विधी करायचाच असेल तर माझी परीक्षा होऊन जाऊ द्या. त्या दिवशी आई कशी दिसेल ते मनात आलं की मला काही सुचत नाही. माझे डोळे आत्ताच बरे झाले आहेत आणि मला तेच पहिलं पाहायचं नाही.

आपली
शकू


अमरावती
ता. १२ मार्च १९३७

ती. वहिनींस शि. सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मी आठ दिवस तापाने पडून होतो, अजून अशक्तपणा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. शकूच्या नावेच्या उदाहरणाचे पूर्ण उत्तर सोबत आहे. हात चालत नव्हता, म्हणून ते पान माझ्या एका विद्यार्थ्याकडून लिहून घेतले. रीत बरोबर आहे, मी नजर टाकली आहे.

रामटेकच्या भटजींना चैत्री अमावस्या सांगितली आहे. शकूची परीक्षा तोवर आटपते. आता नाही म्हणू नका, वहिनी. माझ्यावरही काही ओझी आहेत, ती पत्रात लिहिता येत नाहीत.

आपला
अच्युत


गढा, जबलपूर
ता. १८ मार्च १९३७

अच्युतभाऊजी,

तुमचा ताप उतरला असंल अशी आशा आहे, कारण आता मी जे विचारणार आहे त्याचं उत्तर तुम्हाला स्वतःच्या हातानं लिहावं लागणार आहे.

पाकीट मी उघडलं. शकू शाळेत गेली होती. तुमचं पत्र वाचलं, मग ते नावेचं पान उघडलं. दिवाळीपासून एवढी पानं शकूला वाचून दाखवली की आता गणित कळत नसलं तरी त्याचा चेहरा कळतो. पान उघडलं अन् मी खाली बसली.

माझं लग्न झालं तेव्हा मला शंभरपर्यंत आकडे येत होते अन् माझं नाव लिहिता येत होतं, बस. तुमचे दादा कारखान्यात नकाशे उतरवायला जायचे. जाताना पाटीवर दोन बेरजा मांडून जायचे, संध्याकाळी येऊन पाहायचे. मला उत्तर यायचं, पण ते खरं आहे की नाही ते कळायचं नाही. तेव्हा त्यांनी मला ताळा शिकवला. अन् तो खाली नाही लिहायचा, पाटीच्या डोक्याशी लिहायचा, चौकोन करून. मी विचारलं होतं की सगळे लोक ताळा शेवटी करतात, तुम्ही आधी काहून. ते म्हणाले, "आधी खरं आहे का ते सांगावं माणसानं. कसं आलं ते मागून सांगितलं तरी चालते."

या पानावर डोक्याशी चौकोन आहे. आत लिहिलं आहे पाच अधिक एक सहा, पाच उणे एक चार. खाली मग सगळी रीत. बरोबरच्या चिन्हाची खालची रेघ वरच्या रेघेपेक्षा लांब आहे. सगळीकडं, प्रत्येक ओळीत.

तुम्ही म्हणाल, दादानं मलाही असंच शिकवलं अन् मी माझ्या पोरांना शिकवलं. म्हणून मी तुमची आलेली सगळी पानं काढून ओट्यावर मांडली. एकाही पानावर ताळा वर नाही. तुमच्या रेघा सारख्या आहेत. अन् तुमचा विद्यार्थी असंल पंधरा सोळा वर्षांचा. पंधरा वर्षांच्या पोराचा हात थरथरत नाही. या पानावरचे आकडे थरथरले आहेत. पूर्वी असं नव्हतं, त्यांची रेघ आखल्यासारखी सरळ यायची. चौकोनाचा एक कोपरा तर जुळलाच नाही, तसाच उघडा राहिला आहे. मी त्या कोपऱ्याकडंच पाहत बसली होती, शकू दार वाजवायला लागली तेव्हा भानावर आली.

शकूला काही सांगितलं नाही. ते पान मी माझ्या अक्षरात उतरवून तिला दिलं अन् म्हटलं, काकांचा कागद दुधानं भिजला. असल कागद माझ्याजवळ आहे. होळी झाली की तिची परीक्षा आहे, ती होऊ द्या.

आता तुमचं बोलते. तुम्ही लिहिलं होतं की दादा येणार नाही हे खात्रीनं सांगतो. तेव्हा मी म्हटलं, मास्तर लोक असंच बोलतात. नदीत बुडालेल्या माणसाची खात्री कोणालाच नसते, भाऊजी. खात्री त्याची असते जो समोर बसून म्हणतो की मी जाणार नाही. ते तुमच्या घरी आहेत की जवळपास कुठं मठात, ते मला माहीत नाही. तुम्ही तापात पडले तेव्हा ते तुमच्याजवळ बसले होते, एवढं मला कळलं. तेच तुमचं ओझं. मला मेलेला समजा, विधी करून टाका, असं त्यांनी तुम्हाला म्हटलं असंल, अन् तुम्ही लहान भाऊ, तुमच्यानं नाही म्हणवलं नसंल. मी तुमच्यावर रागावली आहे, पण तेवढी नाही जेवढी तुम्हाला वाटंल. तुम्ही दोघांच्या मधात सापडले.

पण विचार करा, तुम्ही काय करायला निघाले होते. ज्याचा पुतळा जाळायचा तो माणूस तुमच्या पलंगाशी बसून माझ्या पोरीचं गणित सोडवून राहिला आहे. तिनं मला न सांगता तुम्हाला नावेचं अडलं म्हणून लिहिलं, तर त्याला राहवलं नाही. ताळा करून दिला. मग पोर काय खाते, तिचे डोळे कसे आहेत, हे पण विचारलं असंल. माझ्याबद्दल काही विचारलं काय, ते मला सांगू नका. विचारलं असलं तरी नको अन् नसलं तरी नको.

त्यांना घेऊन या असं मी म्हणत नाही. आपल्या पायानं गेले, यायचं असंल तर आपल्या पायानं येतील. त्यांना बोलू नका, रागवू नका, हात थरथरतो तर दूध देत जा. ते कुठं होते, काहून गेले, कोणाबरोबर होते, हे काहीच मी विचारत नाही. बारा वर्षांत मी मनात इतक्या वेळा विचारलं की आता विचारायचा कंटाळा आला आहे.

त्यांना एकच विचारा. भानुमतीनं कुंकू ठेवावं की पुसावं. रामटेकचे भटजी हे सांगू शकत नाहीत, तुम्ही सांगू शकत नाही, शास्त्र पण नाही, कारण शास्त्राला वाटते की माणूस सापडला नाही, अन् माणूस सापडला आहे. ते म्हणतील ठेव तर मी ठेवीन अन् कधी काही मागणार नाही. ते म्हणतील पूस तर मी स्वतः पुशीन, अंबाळ्याला यायची पण गरज नाही, इथं ग्वारीघाटावर जाईन. पण हे तुमच्या अक्षरात आलं तर मी मानणार नाही. त्यांनी लिहावं. एक शब्द लिहिला तरी चालंल.

येत्या गुरुवारी पंचवीस तारीख आहे. इथला टपालवाला बारा वाजता येतो. त्याच्या थैलीत मला उत्तर पाहिजे.

भानुमती